तळ्यातला मिशीवाला

"तळ्यात सील आहे," असं तिने सही करून कळवलं, तेव्हा वनखात्यात नोकरीला लागून तिला पाचच महिने झाले होते. सील हा समुद्री प्राणी, आणि समुद्र तीनशे किलोमीटरवर. पण पहाटेच्या धूसर फोटोत गोल काळं डोकं होतं, भरघोस मिशा होत्या. वाट चुकलेले सील नदीतून इतके आत येतात, हे तिने वाचलंही होतं. साहेबांनी लगेच होड्या, जाळं आणि पशुवैद्य मागवले.

"चूक निघाली, तर नोकरी कायम होण्याचं विसर," ते प्रेमाने म्हणाले.

संध्याकाळी घरी गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, तिला पोहायचा एक काळा रबरी पोशाख वाळत घातलेला दिसला. टोपीसकट.

"बाबा!"

"हळू! आई ऐकेल."

न्यूमोनिया झाल्यापासून बाबांना पोहायला आईची सक्त बंदी होती.

"कुठे पोहता?"

"तळ्यात. रोज पहाटे सहाला. तब्येत बघ की कशी सुधारलीय!"

तिने त्यांच्या मिशांकडे पाहिलं. भरघोस होत्या.

"उद्या घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. जाळ्यात धरून टेम्पोने समुद्रात सोडतील तुम्हाला."

"मला? कोण?"

"आमचंच ऑफिस. मीच कळवलंय."

सकाळी ती तळ्यावर पोचली, ती खिशात माफीचं पत्र घेऊनच.

"साहेब, जरा बोलायचं होतं..."

"श्श!"

पाण्यातून काळं डोकं वर आलं. मिशांसकट. होड्यांनी जाळ्याचा फास आवळला.

"थांबा, ते माझे बा..." ती ओरडली आणि तिने घरी फोन लावला. "आई, बाबा कुठेत?"

"हे काय, समोरच. तोंड पाडून चहात बिस्कीट बुडवतायत. का गं?"

ती मटकन चिखलात बसली. समोर जाळ्यात दोन क्विंटलचा सील फुरफुरत होता, आणि इतकं देखणं जनावर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. माफीच्या पत्राने तिने हात पुसले.

"माझे काय म्हणत होतीस?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. माझे पाच महिने सार्थकी लागले."

रात्री तिने बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"अरे, हा होय! पंधरा दिवस रोज भेटायचा. चष्म्याशिवाय मला कुठे धड दिसतंय? नमस्कार केला की मान हलवायचा, बोलायचा मात्र नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहत आवाज खाली आणला. "मला वाटलं, यालाही घरून बंदी असेल."