साडेतीन ठोके

माझा कान हा काही साधासुधा कान नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वजनमापं तपासण्याच्या ऑफिसात माझी सव्वीस वर्षं गेली. दुकानदाराने तराजूत वजन टाकलं की नुसत्या 'टण्ण' आवाजावरून ते खरं की आतून पोखरलेलं, हे मी पाठमोरा उभा राहून सांगतो! दुकानदार मला टरकून असतात. बायको अजिबात टरकत नाही, पण तिचा विषय वेगळा.

तर असा हा कान मी ऐन तारुण्यात एका रॉक बँडला वाहिला होता. बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक म्हणतात, "कधी ऐकलं नाही बुवा!" आणि मग आमचे संबंध बिघडतात. याच कारणावरून माझं एका चुलतभावाशी दीड वर्ष बोलणं बंद होतं. तुम्हाला एवढं पुरे की त्यात चार माणसं होती, चौघांचे केस मिळून एक गादी भरली असती, आणि त्यांच्या एका रेकॉर्डवरचं तिसरं गाणं ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना होती. (लग्न धरून. हे वाक्य माझ्या बायकोला वाचून दाखवू नका.)

त्या गाण्यात गिटार चढत चढत जाते आणि एकदम थांबते. सगळं गप्प! आणि त्या शांततेत ड्रमवाला देतो: धड्! धड्! धड्! चौथा ठोका मात्र अर्धाच. 'धप्'. हात उचलला आणि मध्येच विचार बदलला, असा. मग पुन्हा गिटार कोसळते.

हे साडेतीन ठोके! यांच्यावर मी तीस वर्षं विचार केलाय. ऑफिसच्या वार्षिक अंकात मी चार पानी लेख लिहिला होता: 'साडेतीन ठोके आणि अपूर्णतेचं सौंदर्य'. पहिला ठोका म्हणजे जन्म, दुसरा म्हणजे कष्ट, तिसरा म्हणजे निवृत्ती, आणि अर्धा म्हणजे माणसाची राहून गेलेली इच्छा, असं मी त्यात सिद्ध केलं होतं. आमच्या साहेबांना तो लेख इतका भावला की दर मीटिंगमध्ये ते टेबलावर साडेतीन वेळा मूठ आपटून म्हणायचे, "मंडळी, काम असं झालं पाहिजे!" असं म्हणजे कसं, ते कुणालाच कळलं नाही. पण माना सगळ्यांनी डोलावल्या.

हे गाणं माझ्याकडे होतं ते कॅसेटवर, आणि ती कॅसेट मी स्वतः भरली होती. मित्राने मूळ रेकॉर्ड फक्त एका दुपारपुरती दिली होती. जोडायला वायर नव्हती, म्हणून मी रेकॉर्ड-प्लेअरच्या तोंडासमोर टेपरेकॉर्डर ठेवला, दोन्ही बटणं दाबली, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि माझ्या श्वासाचासुद्धा आवाज आत जाऊ नये म्हणून मी स्वतःही बाहेर जिन्याच्या पार खालच्या पायरीवर जाऊन बसलो. एवढी शिस्त! संध्याकाळी मित्र रेकॉर्ड घेऊन गेला तो गेलाच, आणि मी पुढची पंधरा वर्षं ती कॅसेट झिजवली.

मग टेपरेकॉर्डरने मान टाकली. संसार वाढला, बँड मागे पडला. मोबाईलवर ते गाणं ऐकायला माझं मन धजेना. हत्तीला किल्लीच्या भोकातून कुठे बघायचं!

आणि परवापरवा ऑफिसातल्या एकाच्या घरी खरे स्पीकर ऐकले. छातीएवढे उंच! त्याने लावलं होतं काहीतरी भिकार, पण आवाज असा की माझ्या अंगावर काटा आला. तिथेच ठरवलं. असे स्पीकर घ्यायचे, असा अॅम्प्लिफायर घ्यायचा, बँडची मूळ डिस्क मागवायची आणि ते साडेतीन ठोके आयुष्यात एकदा तरी जसे वाजवले तसे ऐकायचे!

घरात या योजनेचं स्वागत झालं नाही.

"हे दोन खांब ठेवणार कुठे?" बायकोने विचारलं.

"तुझं शिलाई मशीन जरा आत सरकवलं तर..."

बायको शाळेचे गणवेश शिवते. हॉलच्या खिडकीपाशी, चांगल्या उजेडात, तिचं मशीन पंधरा वर्षं रोवलेलं आहे. त्या मशीनला 'जरा सरक' म्हणणं म्हणजे घरच्या मालकाला 'जरा बाहेर उभे राहा' म्हणण्यासारखं होतं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवसांत मला, माझ्या साध्या कानाला, काही फरक ऐकू आला तर राहतील. नाहीतर खांब दुकानात परत आणि मशीन जागेवर!"

"अगं, फरक? भिंतीपलीकडच्यांनाही कळेल!"

हे मी बोललो. का बोललो, कुणास ठाऊक.

शनिवारी जोडणीवाला आला. पोरगेला दिसत असला तरी कामाचा पक्का माणूस. त्याने फूटपट्टीने अंतरं मोजली, वायरींची टोकं सोलली, आणि सगळं लावून देऊन "काका, काही लागलं तर फोन करा," म्हणून निघून गेला. मी डिस्क घातली. पहिलं गाणं सुरू झालं आणि, खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! चार माणसांपैकी चौथा माणूस नेमका काय करतो, हे मला कधीच कळलं नव्हतं. फोटोत तो असायचा, म्हणून आहे म्हणायचं. तो खालच्या स्वरातली जाड गिटार वाजवत होता! तीस वर्षं बिचारा जीव तोडून वाजवत होता आणि माझ्या टेपरेकॉर्डरने त्याला एकदाही घरात घेतलं नव्हतं. मी त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

"आला का फरक ऐकू?" मी स्वयंपाकघरात ओरडलो.

"मोठा आहे," बायको म्हणाली. "मोठा म्हणजे फरक नव्हे."

हरकत नाही! हुकमाचा एक्का अजून माझ्या हातात होता. तिसरं गाणं मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. रविवारी दुपारी खुद्द साहेब ऐकायला येणार होते. सोमवारी त्यांना मुख्य कार्यालयात वरिष्ठांपुढे भाषण करायचं होतं. विषय: 'कामकाजातले साडेतीन ठोके'. "ज्यावर बोलायचं ते एकदा प्रत्यक्ष ऐकलेलं बरं," असं त्यांचं म्हणणं.

रविवारी साहेब आले. मधल्या खुर्चीत बसले, मांडीवर वही उघडली. कोपऱ्यात अप्पा होते. अप्पा म्हणजे माझे सासरे. लग्नाआधी आमची दोन घरं एकाच भिंतीला चिकटून होती. आधी भिंतीपलीकडचे शेजारी, मग सासरे आणि आता आमच्याकडेच मुक्काम, असा त्यांचा प्रवास आहे. त्यांनी कानातलं यंत्र काढून शर्टच्या खिशात ठेवलं होतं. माझं संगीत म्हटलं की ते ही काळजी घेतातच.

मी उभा राहून छोटंसं प्रास्ताविक केलं. वीस मिनिटांचं. मग तिसरं गाणं लावलं.

गिटार चढू लागली. साहेबांनी डोळे मिटले आणि मोजायला चार बोटं वर धरली, चौथं अर्धं दुमडून. गिटार थांबली. शांतता.

शांतता.

आणि गिटार कोसळली! गाणं पुढे निघूनही गेलं! साहेबांची साडेतीन बोटं हवेत तशीच.

"झाले का?" त्यांनी एक डोळा उघडून विचारलं.

"नाही... म्हणजे... परत लावतो हं!"

परत लावलं. पुन्हा शांतता! आवाज वाढवून लावलं. मोठी शांतता! उजव्या स्पीकरला कान लावून ऐकलं, डाव्याला लावून ऐकलं. ठोके गायब! एक नाही, अर्धा नाही!

"फरक मात्र आहे हं," बायको दारातून म्हणाली. "आधी होते ते आता नाहीत."

मी जोडणीवाल्याला फोन केला. "तुमचा स्पीकर ठोके खातो!"

"काका, स्पीकर आवाज काढतो. खात नाही."

"साडेतीन खाल्लेत! आत्ताच्या आत्ता या!"

तो बिचारा रविवारचा आला. टेबलाखाली आडवा झाला, वायरी उलटसुलट केल्या, उजवा डावीकडे नेला, डावा उजवीकडे आणला. ठोके आले नाहीत. मग मी डिस्कवाल्या कंपनीवर घसरलो. ठोके कापलेत, हा माल वजनात कमी आहे, मी सील करीन, वगैरे बोललो. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांचं भाषण बावीस तासांवर आलं होतं आणि त्यांच्या वहीत अजून फक्त तारीख होती.

"तुमचा तो लेख..." साहेब सावकाश म्हणाले, "ऐकून लिहिला होता ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं! सव्वीस वर्षं लोकांची खोटी वजनं पकडणारा मी, आणि माझ्याच मापात खोट? मी धावत आत गेलो आणि कपाटातून ती कॅसेट काढली. रुमालात गुंडाळलेली, एकुलती एक.

"यात आहेत! पण वाजवायची कशावर?"

"माझ्या गाडीत जुना कॅसेट-डेक आहे, दुरुस्तीचा," जोडणीवाला म्हणाला. त्यालाही आता चेव चढला होता. पाच मिनिटांत डेक आला आणि नव्या अॅम्प्लिफायरला जोडला. अप्पांना वाटलं आता चहा येतोय, म्हणून त्यांनी कानातलं यंत्र परत घातलं.

कॅसेट फिरू लागली. खरखर, खरखर, गिटार चढली, थांबली...

धड्! धड्! धड्!

"आले!" मी नाचलोच! "आले की नाही?"

पण नवे स्पीकर थांबायला तयार नव्हते. माझ्या टेपरेकॉर्डरने पंधरा वर्षं जे दाबून ठेवलं होतं, ते त्यांनी हॉलमध्ये ओतलं. तिसऱ्या ठोक्यानंतर, अगदी स्वच्छ, समोर बसून कुणी करावं तसं: "अह्हं... अह्हं... ख्रॅक!" आणि मग अर्धा ठोका. धप्.

हॉलमधले सगळेजण कोपऱ्याकडे वळले. हा खाकरा या घरात रोज सकाळी सहा वाजता होतो.

"माझा खोकला तिथे कसा गेला?" अप्पांनी विचारलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे हो! ती दुपार! जावईबापू, तुम्ही तो गोंगाट लावून घराला कडी घालून पसार झाला होतात! मी हाका मारल्या, कुणी ओ देईना. मग गोंगाट जरा थांबला, तेव्हा काढला बूट आणि हाणला भिंतीवर!"

"बूट," मी म्हणालो.

"उजव्या पायातला," अप्पा अभिमानाने म्हणाले.

जोडणीवाला टेबलाखाली गेला. त्याचे खांदे हलत होते, पण वायरीमुळे नव्हे. साहेबांनी मात्र पेन काढलं आणि अदबीने खुर्ची अप्पांकडे ओढली.

"आपण हे ठोके कोणत्या मनःस्थितीत दिलेत?"

"झोप मोडली होती."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "आणि चौथा अर्धाच का?"

"तो मी नाही. तो हिने." अप्पांनी माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. "चौथ्यांदा बूट उगारला तर हिने येऊन हात धरला. जेमतेम टेकला भिंतीला."

मी बायकोकडे वळलो. माझं हृदय धडधडायला लागलं! जन्म नाही, कष्ट नाही, निवृत्ती नाही! तीस वर्षं मी ज्या अर्ध्या ठोक्यावर जीव टाकला, तो हिचा होता. लग्नाच्या आधी, धड ओळखही नसताना, भिंतीपलीकडून एका मुलीने माझं गाणं वाचवलं होतं!

"अगं," मी दोन पावलं पुढे झालो, "म्हणजे तेव्हापासूनच तुला... ते गाणं..."

"छे! भिंतीवर घड्याळ होतं," ती म्हणाली. "पडलं असतं."

साहेब गेले. भाषण ठरल्याप्रमाणे झालं. फक्त विषय बदलून 'वेळेवर हात धरणारी माणसं' असा झाला आणि टाळ्या भरपूर पडल्या म्हणे. स्पीकरही राहिले. त्याचा निकाल बायकोनेच दिला. "फरक ऐकू आला," ती म्हणाली. "अप्पांचा खोकला अगदी अप्पांसारखा आला. शब्द दिला तो दिला." मशीन कायमचं आतल्या खोलीच्या खिडकीपाशी गेलं, आणि तिथे असलेलं माझं लिहायचं टेबल गॅलरीत गेलं. यापुढचे लेख तिथूनच येतील.

पण खरं सांगू? मूळ डिस्क काही मनाला लागेना. चौथा माणूस वाजतो झकास, पण गाणं थांबलं की ती शांतता खायला उठते. कालच्या रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तिसरं गाणं लावलं आणि आवाज चांगला मोठा केला. गिटार चढली, थांबली. मी डोळे मिटले.

धड्! धड्! धड्!

आले! अंगावर सर्रकन काटा आला! मग लक्षात आलं, हे स्पीकरमधून नव्हे, शेजाऱ्यांच्या भिंतीतून येतंय. मी श्वास रोखून त्या अर्ध्या ठोक्याची वाट बघत राहिलो.

धड्!

चौथाही पुरा पडला. त्यांच्या भिंतीवर घड्याळ नसावं.