क्लच आधी, मग ब्रेक

मुलुंडच्या मंदाकिनी सोसायटीच्या कमिटीने ठराव केला होता: विद्याधर घाडी यांची दोन वर्षं आवारात पडून असलेली गाडी रविवारी सकाळी दहापर्यंत स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर गेली तर राहू द्यावी, न गेल्यास भंगारवाल्याला बोलवावं. गाडी म्हणजे लाल, उघडी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. अंधेरीच्या एका स्टुडिओने टाकून दिली तेव्हा विद्याधरने ती टेम्पोमागे बांधून आणली होती आणि तेव्हापासून त्याचा प्रत्येक रविवार तिच्याखाली गेला होता.

इंजिन सुरू होत होतं. अडचण क्लचची होती. पेडल दाबलं की तळाला जाऊन तिथेच अडकायचं. विद्याधरचे मामा काशीराम गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी काही उघडली नाही. त्यांनी पेडलखाली स्टॉप बसवला: एक बोल्ट, वर रबर, खाली बोल्ट घट्ट धरणारा चेकनट. बोल्ट जास्त वर आला तर क्लच सुटत नाही, जास्त खाली गेला तर पेडल पुन्हा अडकतं. रविवारी सकाळी सहापासून मामांचं डोकं गाडीत आणि पाय बाहेर होते.

"मामा, झालं का?"

"अर्धो आटो वर."

"आता?"

"पाव खाली. घाई करू नको रे झिला."

साडेनऊला विद्याधरने पेडल दाबलं. गिअर लोण्यासारखा पडला. मामांनी चेकनट आवळला आणि हात धुवायला नळावर गेले.

तेवढ्यात सेक्रेटरी श्यामकांत कारखानीस पांढऱ्या पँटमध्ये हजर झाले. मागे रजिस्टर घेऊन खजिनदार नाना.

"चाचणी मी स्वतः घेणार."

"काका, तुम्ही गाडी चालवता?" विद्याधरने विचारलं.

"एकसष्ट सालापासून लायसन आहे."

"पण चालवता का?"

"लायसन आहे म्हटलं ना!"

विद्याधर गेट उघडायला गेला. त्याच्या बायकोने, सुलक्षणाने, गाडीचा तेलकट तळ पाहिला आणि ती पांढरी पँट पाहिली. मोठी माणसं बसणार आणि पायाखाली काही नाही, हे तिला बघवेना. तिने घरातून गोधडी आणली, चौपदरी केली आणि पेडलांच्या खाली नीट खोचून दिली.

कारखानीस बसले. शेजारी साक्षीदार म्हणून नाना. गिअर किंचाळत पडला आणि क्लच दाबून धरलेला असूनही गाडी निघाली. वेग नानांच्या सकाळच्या फेरीइतकाच, पण थांबण्याचं नाव नाही.

"काका, ब्रेक मारा!" विद्याधर धावत आला.

"क्लच आधी, मग ब्रेक! आम्हाला तसंच शिकवलंय. क्लच पूर्ण जात नाहीये!"

"मग नुसता ब्रेक मारा ना!"

"नियम म्हणजे नियम!"

गाडीने पाण्याच्या टाकीला वळसा घातला. मामा ओल्या हातांनी बाजूने चालू लागले.

"बोल्ट बरोबर आसा माझो! पाय नीट दाबा!"

"दोन्ही पायांनी दाबतोय!"

"श्यामकांत," नाना म्हणाले, "टाकीला ही दुसरी फेरी."

विद्याधर ड्रायव्हरच्या बाजूने चालत होता. किल्ली हाताच्या अंतरावर होती. त्याने हात घातलाही. पण तेवढ्यात गाडीचं तोंड गेटकडे वळलं. गेट बारा पावलांवर होतं. त्याने हात मागे घेतला.

"अहो, किल्ली फिरवा ना!" सुलक्षणा ओरडली.

"फिरवतो."

"कधी?"

"आलंच."

मागची चाकं गेटबाहेर पडली आणि विद्याधरने किल्ली फिरवली. नानांनी घड्याळ पाहिलं. नऊ पन्नास.

कारखानीसांनी घाम पुसला. वर पाहिलं, तर प्रत्येक गॅलरीत माणसं.

"क्लच जाम होता," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मी पायाने मोकळा करून दिलाय. आता चालवून बघ."

विद्याधरने वाकून पाहिलं. गोधडी उपसून सुलक्षणाच्या हातात दिली, गाडीत बसला आणि गाडी अलगद मागे घेऊन जागेवर लावली.

"बघितलंत?" कारखानीस गॅलऱ्यांना म्हणाले.

मामांचे कान लाल झाले. "अहो, तो बोल्ट..."

विद्याधरने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. नाना तोवर बॉनेटवर रजिस्टर ठेवून लिहीत होते: "क्लच सदोष होता. सेक्रेटरींनी जागेवर दुरुस्त केला. गाडी आवारात ठेवण्यास हरकत नाही. साक्षीदार..."

त्यांनी रजिस्टर मामांपुढे धरलं. मामांनी ते दोनदा वाचलं. मग पेन घेतलं आणि सही केली. नावापुढे ते आयुष्यभर 'फिटर' लिहीत आले होते. तेवढं या वेळी लिहिलं नाही.