गडचिरोलीचा नवा सर्व्हर

२००८ साली चंद्रपुरात लोड बॅलन्सर कळणारा माणूस एकच होता, आणि तो मी, अल्ताफ. हे मीच सगळ्यांना सांगायचो, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं!

आमच्या नर्सिंग संस्थेचे प्रवेशअर्ज त्या वर्षी पहिल्यांदाच इंटरनेटवर होते. सर्व्हर दोन, एक जुना, एक नवा कोरा. त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर, म्हणजे कोणी कोणत्या गाडीत बसायचं ते सांगणारा एसटी स्टँडवरचा कंट्रोलर. मी नियम लिहिला: जिल्हा चंद्रपूर निवडला तर अर्ज जुन्यावर, गडचिरोली निवडला तर नव्यावर. तिकडच्या पोरींना कायम उरलंसुरलं मिळतं, एकदा तरी नवं मिळू दे. सर्व्हर बंद असेल तर अर्ज दुसऱ्याकडे वळवायचा, असाही एक नियम असतो. तो मी लिहिला नाही. नवा सर्व्हर बंद कशाला राहील?

शेवटच्या दिवशी सकाळी चामोर्शीहून माझी मावसबहीण नाहीद हिचा फोन. वयाच्या अटीमुळे तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

“भाईजान, गडचिरोली निवडलं का पान पांढरंच होऊन राह्यलं.”

“तुह्या कॅफेचं नेट भंगार आहे. झाप त्या कॅफेवाल्याले.”

तासाभरानं पुन्हा फोन. “झापलं. त्यानं मले हाकलून देलं.”

“मंग इथीच ये. माह्या कॉम्प्युटरवर भर.”

एसटीत उभ्यानं येऊन ती पोचली तेव्हा पाचला दहा कमी होते. मी ऐटीत खुर्ची दिली. तिनं नाव टाकलं, गडचिरोली निवडलं. पान पांढरं!

मी सर्व्हरच्या खोलीत धावलो. नव्या सर्व्हरला लाल फीत, वर झेंडूचा हार, आणि वायर काढून नीट गुंडाळलेली. शेजारी आमचे साहेब, भैयाजी, हार सरळ करत होते.

“साहेब, हे बंद काऊन?”

“सोमवारी अध्यक्षांच्या हातानं उद्घाटन आहे नं. त्याच्या आधी सुरू करते का कोणी? आठ दिवसांपासून बंदच आहे.”

अर्जांची मुदतच आठ दिवसांची होती, आणि त्या आठ दिवसांत गडचिरोलीहून चाळीसेक फोन आले होते. सगळ्यांना मी नेट बदला म्हणालो होतो. मला माझीच लाज वाटली.

नियम बदलायला पळत आलो, तर पाच वाजले होते. पाचला अर्ज आपोआप बंद, हाही नियम माझाच. तो मात्र अचूक चालला.

“साहेब, एक तास वाढवून द्या.”

“तारीख पेपरात छापली आहे, अल्ताफ. आता काई होत नाई.”

नाहीदनं पिशवी उचलली. “म्हणजे कॅफेवाल्याची काई गलती नव्हती,” एवढंच म्हणाली आणि परतीची गाडी बघायला गेली.

सोमवारी अध्यक्षांनी फीत कापली आणि भाषण केलं. “हा सर्व्हर आम्ही खास गडचिरोलीच्या मुलींना दिला. तिकडून एकही अर्ज आला नाही. आपण तरी किती करायचं?”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कात्रीचं ताट माझ्या हातात होतं, म्हणून जरा उशिरा.