विचाराधीन पूल

शाळेच्या वाटेवरचा नाल्यावरचा पूल मधोमध खचला, तेव्हा गल्लीतल्या शिंप्याने रीतसर विनंतीअर्ज केला. त्याची मुलगी त्याच पुलावरून शाळेत जायची आणि एकदा पडून तिने कोपर फोडून घेतलं होतं. अर्ज सभागृहात पोचला त्याच दिवशी अधिवेशन संपलं. आमदार घरी गेले, अर्ज समितीकडे गेला. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात राज्याचा गाडा समित्याच ओढतात म्हणे. कुठे ओढतात, ते मात्र विचारायचं नसतं.

पहिली बैठक गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेशी माणसंच न आल्यामुळे, तहकूब झाली. दुसऱ्या बैठकीत पहिली का तहकूब झाली हे शोधायला उपसमिती नेमली गेली. शेवटी कंटाळून शिंप्याने मेहुण्याला हाताशी धरलं आणि भगदाडावर दोन जाड फळ्या ठोकल्या. मुलगी दोन दिवस सुखाने शाळेत गेली.

तिसऱ्या दिवशी समितीचा कारकून दुकानात हजर.

"फळ्या कुणी टाकल्या?"

"मी. पोर पडते हो, साहेब."

"अहो, विषय समितीच्या विचाराधीन आहे! परिस्थिती जैसे थे हवी. समिती पाहणीला आली आणि भगदाडच दिसलं नाही, तर तिनं पाहायचं काय? हक्कभंग लागेल तुम्हाला."

शिंप्याने हात जोडले आणि फळ्या उपटल्या. मुलगी बूट हातात घेऊन नाल्यातून शाळेत जाऊ लागली.

यथावकाश पाहणीचा दिवस ठरला. समितीला भगदाड पलीकडूनही पाहायचं होतं, पण जाणार कसं? पूल तर मोडलेला. मग बांधकाम खात्याने एका दिवसात शेजारी लोखंडी पूल उभारला, कठड्यासकट, वर लाल गालिचा. शिंप्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. समिती ऐटीत पलीकडे गेली, भगदाडाकडे पाहून तिने माना हलवल्या, चहा घेतला आणि ती परत आली. पाठोपाठ कामगार पूल सुटा करायला लागले.

शिंपी कारकुनामागे धावला. "साहेब, एवढा राहू द्या हो!"

"हा समितीचा पूल आहे. तुमचा विचाराधीन आहे."

महिन्याने अहवाल आला. समितीचे अकराही सदस्य नाला सुखरूप ओलांडू शकले, सबब तक्रारीत तथ्य आढळत नाही. हरकती पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात.

शिंपी हरकतीचा कागद घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरला. "करतो की सही, उद्या ये," असं एकजण म्हणाला. दुसऱ्याची पोरं गाडीने शाळेत जात होती. तिसऱ्याने चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं, तेही चष्म्यातून बघत.

सोळाव्या दिवशी कारकुनाचं पत्र आलं. आपली एकच हरकत प्राप्त झाली. किमान पाच आवश्यक होत्या. गणपूर्तीअभावी ती निकाली काढण्यात येत असून अहवालास जनतेची संमती आहे असे मानण्यात येत आहे.

शिंप्याने पत्र घडी करून खिशात घातलं आणि मुलीला खांद्यावर घेऊन तो नाल्यात उतरला.

हरकतींची सूचना सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. पान सात, खाली उजवीकडे. तुमच्याकडेही येतं ना वर्तमानपत्र? त्या दिवशी त्यावर काय कापलंत, कांदा की नखं?