बी विंगचा राखणदार

रिकाम्या फ्लॅटची बेल वाजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे धुरीसाहेब. एजंट शेजारी किल्ली घेऊन उभा असतो, दाराला बाहेरून कुलूप असतं, आत कित्येक वर्षांत पालीशिवाय कोणी राहिलेलं नसतं, आणि धुरीसाहेब बेलचं बटण दाबून, शर्टाची कॉलर सारखी करून, पाहुण्यासारखे उभे राहतात.

"आत कोणी नाही, साहेब," एजंट सांगतो.

"ठाऊक आहे. पण सांगून आत गेलेलं बरं."

बेल बहुधा वाजत नाही, कारण वीज तोडलेली असते. मग ते कडी वाजवतात आणि दाराला कान लावतात. आपण कितीही शिकलेले असलो तरी त्या वेळी आपणही श्वास रोखतो. मी तर दर वेळी रोखला आहे, आणि दर वेळी स्वतःवर चिडलो आहे.

धुरीसाहेब आणि मी एका सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात शेजारशेजारच्या टेबलांवर होतो. कोणी जुन्या इमारतीतल्या घरासाठी कर्ज मागितलं की घर बघायला धुरीसाहेब जायचे. निवृत्त झाल्यावरही ते थांबले नाहीत. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आमच्या ओळखीत कोणालाही जुनी जागा घ्यायची असली की आधी धुरींना न्यायचं, हा रिवाजच पडला. पैसे घेत नाहीत. एक कटिंग चहा आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायला एक माणूस, एवढीच त्यांची फी.

हे 'व्हय म्हाराजा' प्रकरण समजावून सांगायला हवं. धुरीसाहेब मूळचे मालवणकडचे. तिकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकजण मोठ्याने देवाला मागणं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. तिकडे प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, डोळ्यांना न दिसणारा. धुरींच्या मते हाउसिंग सोसायट्यांनाही तो असतो. जागा घ्यायची तर त्याला विचारून घ्यायची. त्यामुळे रिकाम्या हॉलच्या मधोमध उभे राहून, हात जोडून, ते सुरू करतात.

"बा देवा म्हाराजा! टाकीपासून पंपापर्यंत तुझी राखण. आज हो माणूस तुझ्या दारात इलो आसा. ह्येका घर होया आसा. घरात काय वाकडा आसात तर ता आत्ताच दाखव, ॲग्रीमेंट झाल्यावर दाखव नको!"

"व्हय म्हाराजा!"

मी सोलापूरचा जोशी. सुरुवातीला मी "होय महाराज" म्हणायचो. धुरीसाहेब डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, "जोश्या, कीर्तनाला आलास काय? पोटातून बोल." जिग्नेशभाई नावाचे एक एजंट आहेत, त्यांचा उच्चार माझ्यापेक्षा कितीतरी चांगला.

गंमत म्हणजे राखणदार दाखवायचाही. अंधेरीच्या एका फ्लॅटमध्ये धुरीसाहेब स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थबकले आणि म्हणाले, "इथे एक बाई फार वर्षं वाट बघत बसायची." घरमालक भिंतीला टेकला. त्याचा भाऊ तरुणपणी घर सोडून गेला होता आणि आई मरेपर्यंत त्या खिडकीत बसायची. जिना उतरताना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? "खिडकीच्या कट्ट्याचा रंग एकाच जागी गेलाय. कोपर टेकतो तेवढाच."

"मग यात राखणदाराचं काय?"

"रंग मला दिसला रे. पण तिकडे बघ, असं कोण म्हणालं?"

मी चहा सांगितला.

त्यांची दुसरी आवड म्हणजे डक्ट. जुन्या इमारतींमध्ये दोन घरांच्या न्हाणीघरांच्या मध्ये पाइपांसाठी जी काळोखी पोकळी सोडलेली असते, ती. धुरीसाहेब न्हाणीघराच्या खिडकीच्या काचपट्ट्या काढतात आणि खुशाल डोकं आत घालतात. "भाव कोणीही सांगेल. वस्ती ऐकायची," हे त्यांचं पालुपद. कुठला पाइप ठिबकतो, कोण कपडे आपटतंय, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं त्यांना तिथे कळतं. एकदा त्यांनी डक्टमधून डोकं बाहेर काढून जाहीर केलं होतं, "वरच्या मजल्यावरचे विकून निघालेत. जावई आवडलेला नाही." ते खरं निघालं.

आणि सगळं झाल्यावर शेवटी ते आम्हा सगळ्यांना बाहेर काढायचे. "आता माझं खाजगी." दार आतून बंद व्हायचं. मिनिटभर नुसती कुजबुज. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर येताना त्यांचा चेहरा दर वेळी सारखाच असायचा, स्टेशनवर कोणाला तरी आणायला जावं आणि गाडी रिकामीच यावी तसा. जिग्नेशभाईंना संशय होता की ते आतून दुसऱ्या एजंटला फोन करतात.

मागच्या वर्षी माझी पाळी आली. मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत बी विंगमधला फ्लॅट विकायला निघाला होता. सोसायटी पुनर्विकासाला जाणार, जुन्या खोल्यांच्या जागी मोठं घर मिळणार, असा साधा हिशेब. आम्हा दोघा नवरा-बायकोची निवृत्तीची पुंजी त्यात घालायची होती, त्यामुळे मला रात्री झोप नव्हती. मी धुरींना घेऊन गेलो.

दुपारची वेळ. बी विंगमधली बहुतेक कुटुंबं आधीच निघून गेली होती. खालच्या पाटीवरची नावं खरवडलेली, पण उन्हात ती तशीच वाचता येत होती. जिन्यातल्या प्रत्येक दाराला कुलूप, प्रत्येक उंबऱ्यावर रांगोळीचा पुसट डाग. तिसऱ्या मजल्यावर एका बंद घरात घड्याळाचा टोला पडला. जिग्नेशभाई म्हणाले, "सेल बाकी असेल." पण पुढचे दोन जिने ते माझ्या पुढे चालले.

आमच्या फ्लॅटसमोरच्या दाराला दुधाची कापडी पिशवी अडकवलेली होती. धुरीसाहेबांनी ती क्षणभर पाहिली. मग आमची बेल वाजवली.

आत भिंतीवर फोटो काढून नेल्याचे पांढरे चौकोन होते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने पोराची उंची आखलेली. ती एका रेघेवर येऊन थांबली होती, आणि तिच्यावर चौकट मोकळी होती. "वाढला की गेला?" मी विनोद करायला गेलो. कोणी हसलं नाही. गाऱ्हाणं झालं, डक्ट झाला, आणि धुरीसाहेबांनी आम्हाला बाहेर काढलं. जिग्नेशभाई खाली जाऊन थांबले. मी जिन्यात उभा राहिलो, हवेसाठी, एका जाळीपाशी. ती जाळी त्याच डक्टची होती हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा धुरींचा आवाज थेट माझ्या कानात येत होता.

"बा देवा म्हाराजा. आमची बिल्डिंग पाडली. पाडताना तुझ्या भावाक, आमच्या राखणदाराक, सांगूचा रवला. आता ती वाट चुकान तुझ्याकडे इली आसात तर तिका सांग. घाटकोपरातच नवीन टॉवर. एकोणिसावो माळो. लिफ्टीतसून भायर इल्यार उजव्या हाताक. दार उघडाच आसता."

मग शांतता. मी जाळीपासून हटायला हवं होतं. हटलो नाही.

आणि त्या रिकाम्या घराच्या पोटातून एका बाईचा आवाज आला. हलका, थकलेला, पण स्पष्ट.

"व्हय म्हाराजा."

मी कठडा धरला. कितीतरी वेळाने दार उघडलं. धुरीसाहेबांचे ओठ पांढरे पडले होते. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, कुलूप मी लावलं. त्यांनी फ्लॅटबद्दल चकार शब्द काढला नाही. चहासुद्धा न घेता रिक्षात बसून निघून गेले. इतक्या वर्षांत त्यांनी चहा सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी येऊन बायकोला, सुनेत्राला, सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. "आत बाई राहते म्हणतोस? मग भाडेकरार दाखवा म्हणावं." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाताला धरून मुलुंडला घेऊन गेली.

आम्ही वर पोचतो तो समोरचं दार उघडलं. दुधाची पिशवी काढायला एक म्हातारी बाई बाहेर आली होती. परबआजी. सगळ्या मजल्यावर एकट्या उरलेल्या.

"काल गाऱ्हाणा कोणी घातल्यान?" त्यांनीच विचारलं. "घोव गेल्यापासून ह्या बिल्डिंगीत गाऱ्हाणा ऐकूक नाय. मी न्हाणीत कपडे धुय होतंय. म्हटला, 'व्हय' म्हणूक कोणच नाय की काय? माझ्याच तोंडातसून भायर पडला." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "एकट्या माणसाचा गाऱ्हाणा रिकामा जावचा नाय, म्हणान."

सुनेत्राने माझ्याकडे पाहिलं. मला हायसं वाटलं, आणि ते जिना उतरेपर्यंतसुद्धा टिकलं नाही. तिकडे धुरीसाहेब काय समजून बसले असतील? त्यांना हे सांगायचं कसं? न सांगता राहायचं तरी कसं? सुनेत्रा म्हणाली, "सांगावं तर लागणारच रे." मी तसाच घाटकोपरला गेलो.

एकोणिसावा मजला, उजव्या हाताला. दार सताड उघडं होतं. ते नेहमीच असतं, आम्ही त्याला धुरींचा विसराळूपणा म्हणायचो. त्यांनी मला दारापाशीच खुर्ची दिली. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात समोर लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं, आत कोणीच नव्हतं, आणि दार मिटून ती खाली गेली.

"बिघडली आहे का?"

"अशीच थांबते कधीकधी. सेक्रेटरी मेकॅनिक बोलावतो. मी परत पाठवतो."

मग मी एका दमात सांगून टाकलं. परबआजी, न्हाणीघर, डक्ट, सगळं. धुरीसाहेबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बँकेत पाहायचे तसं पाहिलं.

"जोश्या, डक्ट तू मला शिकवणार? दाराला पिशवी होती. मागच्या बाजूला एकच नऊवारी वाळत होती. समोर बाई आहे, एकटी आहे, हे मला बेल वाजवायच्या आधी कळलं होतं."

"मग तुमचा चेहरा तसा का झाला?"

ते उघड्या दाराकडे बघत बायकोबद्दल बोलायला लागले. "जुनी जागा सोडली तेव्हा खाली ट्रक उभा होता. सुमन म्हणाली, गाऱ्हाणं घाला, राखणदाराला सांगा आपण कुठे चाललो ते. मी म्हटलं, नवीन घरात गेल्यावर घालू, ट्रकवाला बोंबलतोय. टॉवर व्हायच्या आधी, भांडुपच्या भाड्याच्या खोलीत ती गेली. हे घर तिने बघितलंच नाही. तिला पत्ता ठाऊक नाही रे."

मीही दाराकडे पाहिलं.

"म्हणून जिथे जुनी जागा दिसेल तिथे निरोप ठेवतो. पण माझ्या गाऱ्हाण्याला 'व्हय' सुमनच म्हणायची. या एका गाऱ्हाण्याला दुसऱ्या कोणाला 'व्हय' म्हणायला सांगणं माझ्या जिवावर यायचं, म्हणून तुम्हाला बाहेर काढायचो. आणि 'व्हय' नाही तर निरोप पोचत नाही. दर वेळी तसाच परत यायचो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "काल न मागता कोणीतरी म्हटलं. परबीण असो, कोणी असो. निरोप गेला."

मग एकदम जुने धुरीसाहेब झाले. "फ्लॅट घे. पाया चांगला आहे, स्वयंपाकघरात ओल आहे, तेवढी भावात धर. आणि पाडायची तारीख ठरली की मला सांग. त्या बाई निघतील तेव्हा त्यांचं गाऱ्हाणं मी घालणार. ट्रक थांबेल."

"थांबवतो," मी म्हणालो.

ते चहा टाकायला आत गेले. बाहेर पुन्हा लिफ्ट आली. दार उघडलं. आत दिवा होता, आरसा होता, माणूस नव्हतं. दार या वेळी लवकर मिटेना. मी सोलापूरचा जोशी, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण माझी खुर्ची नेमकी उंबऱ्याच्या वाटेत होती. मी उठलो आणि ती उचलून भिंतीला लावली.