आमच्या यजमानांनी मला कधी

वाचनालयाच्या पन्नासाव्या वर्षी स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा सभेत मी फक्त एवढंच म्हणालो, "पानं मी लावतो." एकोणनव्वद साल होतं. कुडाळच्या एका छापखान्यात नुकताच कंप्युटर आला होता आणि मालवणात त्याबद्दल बोलणारा मी एकटाच होतो (पाहिलेला नव्हता, म्हणून जरा जास्तच बोलत होतो). अध्यक्ष अप्पांनी लगेच टाळी वाजवली आणि मी अडकलो.

घरी बायको, सावित्री, बांगडे साफ करत होती. तिला सांगितलं.

"तुमका रेडियोचा स्टेशन लावूक येना नाय," आमची ही म्हणाली, "कंप्युटर खंयसून जमतलो?"

या एका वाक्यासाठी मी सहा रविवार एसटीने कुडाळ गाठलं. तिथे मथुरा नावाची दोडामार्गची मुलगी कंप्युटर चालवायची, गोव्यात शिकून आलेली. मजकूर ती टाइप करायची, पानावर मांडायचो मी. माउस इतका घट्ट धरायचो की ती म्हणायची, "काका, पळाचो नाय तो."

फोटो कंप्युटरात घेऊन त्यावरचे डाग पुसायलाही शिकलो. संस्थापकांच्या फोटोला बुरशी लागली होती. ती पुसताना त्यांची डावी मिशी गेली. परत आणता येईना, म्हणून न्यायबुद्धीने उजवीही पुसली.

मथुराने एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. मजकूर चौकटीत बसतो. चौकट लहान पडली की खाली एक बारीक खूण दिसते. म्हणजे मजकूर उरलाय, तो पुढच्या पानावर घ्यायचा. मी मान डोलावली. (वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाची मान आपोआप डोलते.)

सावित्रीनेही लेख दिला होता. धामापूरच्या तळ्याकाठी तिची शाळा होती, त्या दिवसांवर. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिचं छापून येणारं हे पहिलंच. कागद पदराने पुसून तिने माझ्या हातात दिले.

"वाचून बघा हां."

"बघतंय," म्हटलं आणि पुढच्या रविवारी ते मथुराच्या टेबलावर ठेवले.

त्या लेखाच्याच पानावर, खाली, संपादक म्हणून (पानं लावणारा मीच, म्हणून संपादकही मीच) माझा फोटो होता. तो लहान वाटला. थोडा ओढला, वाढला. आणखी ओढला. वरची चौकट निमूट आकसत गेली. तिच्याखाली काहीतरी बारीक दिसलं खरं, पण मला वाटलं पूर्णविराम असेल. समास सरळ होते. मी पान पास केलं.

समारंभाच्या आठ दिवस आधी अंक घरोघरी गेला. सावित्रीच्या लेखाची शेवटची ओळ होती: "लिहीत राहायचं मनात होतं, ते राहून गेलं; आमच्या यजमानांनी मला कधी". आणि लगेच खाली मी. हसत.

मिशीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. गावाला दुसरं काम मिळालं होतं.

"मारतत काय गो?" शेजारच्या आनंदीबाईने माझ्यादेखत सुनेला विचारलं.

"माहेराक धाडणत नाय असतले," सून म्हणाली.

ऑफिसात हेडक्लार्कने माझ्यापुढे पेन ठेवलं. "वाक्य पुरं करा आणि मगच सही करा."

रात्री जेवताना मी सावित्रीला विचारलं, "फुडे काय होता गो?"

"वाचलात नाय?"

"वाचलंय. इसारलंय."

ती माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "रवांदे. अर्धा आसा ताच बरा."

मला हा विनय वाटला. पुढे 'अंतर दिलं नाही' असंच काहीतरी असणार! अप्पांना गाठून मी हट्टाने ठरवून घेतलं की उरलेला मजकूर समारंभात जाहीर वाचायचा. मथुराने कंप्युटरमधून तो कागदावर काढून आणला. सावित्री दुसऱ्या रांगेत बसली होती. तिला म्हटलं, तूच वाच.

"नको. तुमीच वाचा."

मी माइक धरला. "आमच्या यजमानांनी मला कधी नाही म्हटलं नाही." इथे थांबलो. टाळ्या झाल्या. मी वाकून नमस्कारही केला. मग पुढे वाचलं.

"कारण मी काही विचारते आहे, हेच त्यांना कळलं नाही. बावीस वर्षांत माझी वही त्यांनी एकदाच उघडली, सामानाची यादी लिहायला. ते पान फाडून वाण्याकडे नेलं. त्या पानाच्या पाठीवर तळ्यावरची माझी कविता होती. ती आता मला आठवत नाही."

अप्पा खालून 'पुरे' अशी खूण करत होते, पण सुरू केलेला कागद अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

"हा लेखही ते वाचणार नाहीत याची खात्री आहे, म्हणून एवढं मोकळेपणाने लिहिते आहे."

टाळ्या पुन्हा झाल्या, आधीपेक्षा खूप मोठ्या. या वेळी मी वाकलो नाही. बायका उठून सावित्रीच्या भोवती जमल्या. मी कागदाची घडी घालत राहिलो, चार घड्या, आठ घड्या.

परतताना बंदराच्या रस्त्याने दोघं चालत होतो. मी म्हणालो, आणि हे अगदी मनापासून म्हणालो, "लेख बरो झालो हा गो तुझो."

ती थांबली. बावीस वर्षांत इतक्या अपेक्षेने तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. "खरा? तळ्याचा लिवलंय ता आवडला?"

तळ्याचा तो पहिला अर्धा भाग सगळ्या मालवणाने वाचला होता. माझाच राहिला होता.