उमाताईंच्या बागेची डुप्लिकेट किल्ली

"किल्ल्यांचं मला शिकवतेस? अगं, तीस वर्षं बँकेची तिजोरी सांभाळलीय मी! टाचणी हरवली नाही कधी!"

हेमचंद्ररावांनी फोनवर छाती एवढी फुगवली, की शर्टाचं बटण तुटून दिवाणाखाली गेलं. ते आजतागायत सापडलेलं नाही.

फोनच्या पलीकडे पुण्याहून लेक स्वराली होती. नोकरीला जाताना तिनं आपलं गेमचं कन्सोल गारखेड्याच्या घरी सोडलं आणि त्यातल्या शेतीच्या गेममध्ये तिच्या आईनं, उमाताईंनी, चक्क मोसंबीची बाग उभी केली! गेमवाले त्या फळाला संत्रं म्हणत; उमाताईंनी ते कधी मानलं नाही. जन्मभर चार कुंड्यांपलीकडे जमीन न मिळालेल्या बाईची ती बाग. दुपारी त्या बागेला पाणी द्यायला बसल्या, की कुकर कितीही शिट्ट्या मारो!

आणि आता कन्सोल खोबऱ्याची चटणी वाटल्यासारखा आवाज करू लागलं होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं. बॅकप घ्या."

"बाबा, बॅकपला कुलूप असतं," स्वराली सांगत होती. "त्याची किल्ली म्हणजे एक छोटी फाईल. ती गेली की बॅकप कायमचा बंद. बॅकप इंटरनेटवर राहील; ही फाईल दोन पेनड्राइव्हवर घ्या, दोन ठिकाणी ठेवा."

हेमचंद्ररावांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"अहो, मी बसते ना शेजारी!"

"अजिबात नाही. तिजोरी उघडताना तिसरं माणूस नको."

"दुसरं कोण आहे आत?"

तासाभरानं आतून लाखेचा वास आला. दोन पाकिटं तयार होती, मोहोरबंद! एक कपाटात गेलं. दुसरं, बँकेच्या रिवाजाप्रमाणे, 'शेजारच्या शाखेत', म्हणजे पाचोडला, जुने खातेदार तात्यासाहेबांकडे.

"तात्यासाहेब, हिच्या मोसंबीच्या बागेची डुप्लिकेट किल्ली आहे. जपा. कुणाला बोलू नका!"

पाचोडात 'कुणाला बोलू नका' म्हणजे दवंडीच. त्यात दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार! संध्याकाळी तात्यासाहेबांचा फोन उमाताईंना.

"वहिनी, साहेबानं गुपचूप बाग घेतली म्हनं! ठिबक हाय का पाटपाणी?"

यांनी गेमचं सगळं सांगितलंच असणार, असं समजून उमाताई खुलल्या. "नाही हो, मीच घालते. हातानं. दोनशे झाडं आहेत."

"आरं बाप रं! लई कष्ट घेता!"

"छे! सोफ्यावर बसल्या बसल्या होतं."

"आन फळ कवा धरतं?"

"लावल्यापासून चौथ्या दिवशी."

पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला.

कन्सोल दुरुस्त होऊन आलं, ते कोऱ्या पाटीसारखं. "घाबरतेस काय?" म्हणत हेमचंद्ररावांनी कपाटातलं पाकीट फोडलं. गरम लाख थेट आत उतरली होती. चिक्कीतल्या शेंगदाण्यासारखा पेनड्राइव्ह तिच्यात गच्च रुतलेला!

"आमच्या वेळी बँकेत पेनड्राइव्ह नव्हते," ते बारीक आवाजात म्हणाले.

पाचोडला फोन लावावा, तोवर दारात पिकअप थांबली. तात्यासाहेब हातात पाकीट घेऊन उतरले. मागून फळांचे व्यापारी फकिराभाऊ आणि गाडीभर रिकामे कॅरेट!

"चौथ्या दिवशी फळ? ही बाग बघितल्याबिगर मरायचं नाय मला!" तात्यासाहेब म्हणाले.

सुदैवानं त्या पाकिटापर्यंत लाख संपत आली होती; वर मोहोरेचा नुसता ठिपका, बाकी डिंक होता. पेनड्राइव्ह लावला. किल्ली चालली! बॅकप उघडला! उमाताईंनी हात जोडले.

टीव्हीवर उजाड माळ आला. मधोमध एक वाळकी कोबी. शेजारी बुजगावणं. वर नाव : हेमचंद्र.

"वहिनी," तात्यासाहेब हळूच म्हणाले, "पाणी कमी पडलं का?"

"ही माझी नाही! अहो, माझी बाग कुठाय? माझ्या खात्याचा बॅकप?"

"तुझ्या खात्याला मी हात कसा लावणार?" हेमचंद्रराव दुखावले. "माझ्या खात्याचा घेतला. तुझी सही नव्हती!"

दोनशे झाडं! उमाताईंचे डोळे भरून आले.

"म्हंजी," फकिराभाऊ सावकाश म्हणाले, "बाग ह्या टीव्हीत व्हती? आन मी कॅरेट घेऊन आलो?"

उमाताईंना आधी उचकी लागली. मग त्या उचकीचं हसू झालं, आणि पदर तोंडात कोंबला तरी ते थांबेना. फकिराभाऊही मांडीवर थापा मारू लागले. तात्यासाहेबांनी मात्र टोपी काढून सोफ्यावर मांडी ठोकली.

"गेली ती गेली. वहिनी, ह्याच माळावर नवी लागण करू. पर ह्या खेपेला अठरा फुटांवर. दाट लावलेली बाग मला खपायची नाय."

"अठरा फूट म्हणजे किती चौकोन?"

"तुमी लावा, मी सांगतो. हां... अजून थोडं फुडं. फकिरा, बांध कुठं घ्यायचा?"

"वरल्या अंगाला. पाणी थांबलं पायजे."

स्वयंपाक राहिला, चहा राहिला. दिवेलागणीपर्यंत टीव्हीवर रोपांची सरळ, देखणी रांग उभी राहिली. इतकी शिस्तीची बाग तर उमाताईंना पहिल्या खेपेलाही जमली नव्हती! त्या रांगेकडे बघतच राहिल्या.

"आता राखणीला कोण?" तात्यासाहेबांनी विचारलं. सगळ्यांच्या माना हेमचंद्ररावांकडे वळल्या.

उमाताईंनी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि पाहुण्यांसाठी पिठलं टाकायला आत गेल्या. परत येऊन बघतात, तर अर्धी रांग साफ! बुजगावण्यावर कावळे बसलेले, आणि हेमचंद्रराव टीव्हीला बोट दाखवून ओरडत होते, "अगं, घेऊन गेले! सही न करता घेऊन गेले!"